फिरती पेट ग्रूमिंग व्हॅन: गूगलवर अख्खं पुणे नको, आधी आपला पट्टा पकडा



फिरत्या पेट ग्रूमिंगमध्ये उतरलेल्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतो. "व्हॅन तयार आहे, टब बसवला, ड्रायर घेतला, इन्स्टाग्रामवर पेजही काढलं. मग फोन का वाजत नाही?"

माझं स्वतःचं दुकान आहे. दुकानाचा एक मोठा फायदा म्हणजे पाटी. आज गिऱ्हाईक नुसतं समोरून गेलं, तरी गरज पडल्यावर त्याला ती आठवते. तुमची पाटी मात्र चाकांवर आहे. व्हॅन बाणेरला उभी असेल तर कोथरूडच्या माणसाला ती दिसणार कशी? तो फोन काढतो आणि "डॉग ग्रूमिंग नियर मी" टाईप करतो. तिथे दिसलात तर धंदा, नाहीतर शेजारच्याला.

आधी गणित, मग गूगल

नवीन माणूस हौसेने लिहितो, "संपूर्ण पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये सेवा!" ऐकायला भारी वाटतं, पण हिशोब करून बघा.

समजा दिवसाचे ८ तास काम, एका कुत्र्याला आवराआवरीसकट दीड तास आणि सरासरी बिल १,२०० रुपये. दोन घरांमधलं अंतर १५ मिनिटांचं असेल तर दिवसात ४ कुत्री आरामात होतात. तेच कोथरूडहून खराडी, खराडीहून वाकड अशी वरात काढली आणि प्रत्येक फेरीला तास गेला, तर जेमतेम ३ होतात. रोजचे १,२०० रुपये गेले. महिन्याचे २५ दिवस धरले तर ३०,००० रुपये, आणि डिझेल वेगळं. तुमच्या व्हॅनचा हप्ता किती आहे, ते आता आठवा.

म्हणून पहिला नियम: जिथे रोज जाणं परवडतं, तिथेच आधी दिसायचं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन हा एक पट्टा झाला. औंध, बाणेर, बालेवाडी हा दुसरा. सुरुवातीला एकच निवडा.

गूगल बिझनेस प्रोफाइल नीट भरा

हे फुकट आहे, पण घाईत भरू नका.

१. पत्ता लपवा, सेवा-क्षेत्र टाका. गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता. अशा धंद्याने घरचा पत्ता लोकांना दाखवायचा नाही, असा गूगलचाच नियम आहे. त्याऐवजी भागांची नावं किंवा पिनकोड टाकायचे. जास्तीत जास्त २० टाकता येतात, पण २० टाकलेच पाहिजेत असं नाही. यादीत नाव टाकलं म्हणजे त्या भागात वर दिसाल, असंही नाही. गूगल तीन गोष्टी बघतं: शोधलेल्या शब्दाशी तुमचा धंदा किती जुळतो, अंतर किती आणि तुमची ओळख किती. अंतर तुमच्या हातात नाही. बाकीच्या दोन आहेत.

२. नाव खरंच ठेवा. व्हॅनवर आणि बिलावर जे नाव आहे, तेच. "बेस्ट डॉग ग्रूमिंग कोथरूड पुणे" असं शेपूट जोडलं तर प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं. मित्राच्या दुकानाचा पत्ता वापरून दुसऱ्या भागात दुसरं प्रोफाइल काढणं हाही तोच धोका. सस्पेंड झालं की तुमच्याबरोबर सगळे रिव्ह्यूही नकाशावरून दिसेनासे होतात.

३. मुख्य कॅटेगरी "पेट ग्रूमर". पेट शॉप नाही, व्हेटरनरी तर नाहीच.

४. सेवा सुट्या लिहा. आंघोळ आणि ब्लो-ड्राय, नखं कापणं, कान साफ करणं, डी-शेडिंग, फुल हेअरकट, मांजरांचं ग्रूमिंग. प्रत्येकापुढे "इतक्या रुपयांपासून" लिहा. दर दिसला की नुसती चौकशी करणारे फोन कमी होतात.

५. व्हेरिफिकेशनची तयारी ठेवा. बऱ्याचदा गूगल व्हिडिओ मागतं. रस्त्याची किंवा परिसराची पाटी, नाव रंगवलेली व्हॅन, आतला टब आणि ड्रायर, आणि स्वतःच्या चावीने व्हॅन उघडताना तुम्ही, हे सगळं एका सलग व्हिडिओत घ्या. म्हणजे व्हॅनवर नाव रंगवून घेणं हे आधीचं काम.

फोटोतून भीती घालवा

लक्षात घ्या, गिऱ्हाईक तुम्हाला कुत्रं देत नाही, घरातलं बाळ देतं. अनोळखी माणूस त्याला गाडीत घेऊन दार लावणार, ही त्याची खरी भीती. म्हणून नुसते गोंडस फोटो पुरत नाहीत. व्हॅनचा आतला भाग, धुतलेली अवजारं, घसरू नये म्हणून टबात टाकलेली मॅट आणि तुमचा स्वतःचा चेहरा दाखवा. आधी-नंतरचे फोटो मालकाला विचारूनच टाका. फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर फोटोत येऊ देऊ नका.

रिव्ह्यू मागायची योग्य वेळ

कुत्रं स्वच्छ होऊन घरात पळतं आणि मालक हसतो, ती वेळ. तिथेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवा आणि म्हणा, "ताई, कुठल्या भागातून बोलावलंत आणि काय करून घेतलंत, तेवढं दोन ओळीत लिहाल का?" "कर्वेनगरला घरी आले, आमच्या शिह त्झूचा हेअरकट छान झाला" ही एक ओळ "नाइस सर्व्हिस"च्या दहा रिव्ह्यूंना भारी आहे. पुढचा शिह त्झूवाला तीच वाचून फोन करतो.

दोन गोष्टी टाळा. रिव्ह्यूच्या बदल्यात डिस्काउंट देऊ नका आणि फक्त खूश गिऱ्हाइकांनाच निवडून लिंक पाठवू नका. दोन्ही गूगलच्या नियमाबाहेर आहे.

वाईट रिव्ह्यू आला तर भांडू नका. समजा कुणी लिहिलं, "नख कापताना रक्त आलं." उत्तर असं द्या: "त्रास झाला याबद्दल मनापासून क्षमस्व. नखाच्या आत रक्तवाहिनी असते, काळ्या नखात ती दिसत नाही. रक्त थांबवायची पावडर आम्ही व्हॅनमध्ये ठेवतो. मी आजच फोन करून त्याची तब्येत विचारतो." आणि खरंच फोन करा. हे उत्तर रागावलेल्या एका माणसापेक्षा ते वाचणाऱ्या पन्नास जणांसाठी असतं.

आठवड्याला एक उपयोगी पोस्ट

"आजच बुक करा" किती वेळा लिहिणार? लोकांना पडणारे प्रश्न घ्या. पावसाळ्यात गोचीड कुठे शोधायचे? कानात, बोटांच्या बेचक्यात, पट्ट्याखाली. उन्हाळ्यात गोल्डन रिट्रीव्हरचं टक्कल करावं का? नको, त्याचे दुहेरी केस उन्हापासूनही बचाव करतात; डी-शेडिंग करा. हीच पोस्ट इन्स्टाग्रामला टाका आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसला ठेवा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र तिथल्या एखाद्या गिऱ्हाइकाने टाकली तर बरं. तुम्ही टाकली तर जाहिरात, त्यांनी टाकली तर शिफारस.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या. प्रत्येक फोनला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं आणि तुम्ही कुठे राहता?" दोन रकाने भरत जा. महिन्याने कळेल की फोन तुमच्या पट्ट्यातून येतायत की बाहेरून. सोबत प्रोफाइलमधल्या परफॉर्मन्समध्ये जाऊन लोक कोणते शब्द टाकून तुमच्यापर्यंत आले, तेही बघा.

पट्ट्यातले फोन वाढून दिवसाची ४ कुत्री भरायला लागली की मगच पुढचा भाग जोडा. तोपर्यंत खराडीचा फोन आला तर नम्रपणे सांगा, "सध्या त्या बाजूला येत नाही." हे बोलताना जीवावर येईल, पण महिनाअखेरीस डिझेलचं बिल बघाल तेव्हा बरं वाटेल.