आयरिश प्रजासत्ताक सेनेचीं साधनें व आपलीं घरगुती दप्तरें

गुप्त मंडळ्यांचा इतिहास लिहूं जाणारास पहिली अडचण ही पडते कीं, ज्या संस्थेचें बळच कागद न ठेवण्यांत, तिचें दप्तर शोधावें कोठें? सरकारी कागदांत ती ‘कट’ म्हणून येते, आणि स्वतःच्या तोंडीं ती ‘सेना’ असते. या दोन शब्दांमधील अंतर आयर्लंडच्या उदाहरणानें चांगलें उलगडतें, व त्याचा आपल्या नागपूर-भंडारा प्रांताच्या साधनांशीं निकटचा संबंध आहे.

जेम्स स्टीफन्स यानें १७ मार्च १८५८ रोजीं डब्लिन येथें जें शपथबद्ध मंडळ काढलें, तेंच पुढें आयरिश रिपब्लिकन ब्रदरहुड या नांवानें गाजलें. त्याची रचना वर्तुळाची होती. मुख्य ‘अ’, त्याचे हाताखालीं नऊ ‘ब’, प्रत्येक ‘ब’चे नऊ ‘क’, आणि त्यांचे खालीं नऊ नऊ शिपाई. आपल्या लगतच्या वरिष्ठापलीकडे कोणास कांहीं ठाऊक नसावें, असा बेत. प्रत्यक्षांत फितुरी टळली नाहीं व १८६७ चा उठाव फसला. १९१३ मध्यें ‘आयरिश व्हॉलंटियर्स’ हें उघड स्वयंसेवक दल निघालें, त्यांत या मंडळानें आपलीं माणसें पेरलीं, आणि एप्रिल १९१६ चा उठाव झाला. तथापि ‘सेना’ या नांवास खरा आधार मिळाला तो २१ जानेवारी १९१९ रोजीं लोकनियुक्त सभा डब्लिनला भरली तेव्हां. त्याच वर्षीं स्वयंसेवकांनीं तिच्याशीं निष्ठेची शपथ घेतली. पुढें तहावरून १९२२ मध्यें सेना दुभंगली, १९६९ मध्यें पुन्हां फूट पडली, व त्यांतील मोठ्या शाखेनें २००५ मध्यें शस्त्रें खालीं ठेविलीं. हा उत्तरभाग आमच्या प्रस्तुत विषयाबाहेरचा आहे.

आपल्याकडे १९०४ सालच्या ‘अभिनव भारता’चा आदर्श मॅझिनीचा, म्हणजे इटालियन. आयर्लंडची छाप पहावयाची तर श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ मध्यें लंडनांत काढलेल्या होमरूल सोसायटीच्या नांवांत ती आढळते. नागपुरास मंचेरशा आवारी यांनीं १९२७ मध्यें शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध उघडपणें तलवारी घेऊन सत्याग्रह केला. त्यांच्या दलास ‘रिपब्लिकन आर्मी’ म्हणत, व ते स्वतः ‘जनरल’ आवारी झाले. नांव सैन्याचें व रीत कायदेभंगाची! हें मिश्रण आयर्लंडांत सांपडणार नाहीं. गांधीजींनाही हा सत्याग्रह म्हणावा कीं नाहीं असा प्रश्न पडला होता. मगनलाल बागडी यांची ‘हिंदुस्थान लाल सेना’ १९३९ मधली. तिच्यांतील शंकर महाले यास जानेवारी १९४३ मध्यें नागपूरच्या तुरुंगांत फांशी झाली. ‘सेना’ हा शब्द दोन्हीकडे दिसला म्हणून एकच वस्तु समजूं नये, एवढाच याचा अर्थ.

आतां साधनांकडे वळूं. ३० जून १९२२ रोजीं डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील स्फोटानें व आगीनें तेथील सार्वजनिक दप्तरखाना नष्ट झाला, शतकांचे कागद जळाले. पुढें तेथील सरकारनें १९४७ ते १९५७ या काळांत जिवंत साक्षीदारांचीं १७७३ निवेदनें लिहवून घेतलीं, तीं कुलुपांत ठेविलीं, आणि २००३ मध्यें अभ्यासकांस खुलीं केलीं. त्याहून मोलाचे आम्हांस पेन्शनीचे अर्ज वाटतात. १९२४ व १९३४ च्या कायद्यांप्रमाणें जुन्या सैनिकास आपण कोठें, कोणाच्या हुकुमाखालीं होतों हें सिद्ध करावें लागे, व त्याकरितां त्याच्या वरिष्ठांस विचारीत. शपथेनें जें गुप्त ठेविलें तें पेन्शनीनें बोलकें केलें.

हेंच आपल्याकडेही घडलें आहे, मात्र कोणी फारसें पाहिलेलें नाहीं. १५ ऑगस्ट १९७२ पासून स्वातंत्र्यसैनिकांस मध्यवर्ती सरकारची पेन्शन सुरू झाली. किमान सहा महिन्यांची शिक्षा दाखवावी लागे, आणि तुरुंगाचा दाखला न मिळाल्यास सहबंद्याचें प्रमाणपत्र चाले. या अर्जांच्या कार्बन-नकला, पुरवण्या व प्रमाणपत्रें घराघरांतल्या ट्रंकांत पडून असतात, ताम्रपट भिंतीवर असतो व अर्ज रद्दींत जातो. वस्तुतः संशोधकास ताम्रपटापेक्षां अर्जच अधिक कामाचा.

अर्थात् अशा कागदावर एकदम भरंवसा ठेवूं नये. तीस वर्षांनंतरची आठवण, पेन्शनीची गरज, आणि सहबंद्यांनीं परस्परांस दिलेले दाखले, यांमुळें मजकूर फुगतो. म्हणून ज्या ठिकाणीं अर्ज व खटल्याचा कागद दोन्ही मिळतात तेथें तारखा प्रथम जुळवाव्या, कामगिरीचें वर्णन मागाहून.

कुडवा, गोंदिया, तुमसर या टापूंत शोध करणारानें आणखी एक ध्यानांत धरावें. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पासूनचा. त्यापूर्वीचे कागद भंडारा जिल्ह्याच्या नांवें आहेत, व १९५६ पूर्वीचे मध्यप्रांताचे म्हणून नागपुरास किंवा भोपाळास पहावे लागतात. घरचा कागद हातीं आला म्हणजे पाकीट, टांचणी व पाठीवरील शेरा वेगळा करूं नये. कोणत्या गांवीं, कोणत्या सालीं मिळाला तें शिसपेनीनें निराळ्या चिठ्ठीवर लिहावें, मूळ पानावर नव्हे.