मालमोटारीचे हवेचे धक्काशोषक : बसविणे व हवा जुळविणे

शेतमाल बाजारात पोहोचविण्याचे बैलगाडीचे काम आता बहुतेक गावांत छोट्या मालमोटारीकडे गेले आहे. नारायणगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन येणाऱ्या गाड्या पाहिल्या, तर त्यांतील पुष्कळशा गाड्यांची पाठ खाली बसलेली व तोंड वर उचललेले दिसते. एका क्रेटमध्ये २० किलो फळ व क्रेटचे स्वतःचे २ किलो धरले, तर ६० क्रेटांचे ओझे १,३२० किलो होते. डांबरी रस्त्याला लागण्यापूर्वी हे ओझे पाणंदीच्या खाचखळग्यांतून बाहेर काढावे लागते. पाठ बसू नये म्हणून हल्ली काही शेतकरी मागच्या बाजूस हवेचे धक्काशोषक बसवून घेतात. हे साधन उपयोगी आहे. परंतु त्याचे कार्य नीट न समजता त्यात हवा भरल्यास माल वाचण्याऐवजी गाडी व माणसे धोक्यात येतात. म्हणून त्याची माहिती ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांना व गाडीमालकांना असणे अगत्याचे आहे.

गाडीचे वजन पेलण्याचे काम पोलादी पाट्यांचे असते. मिस्त्री ज्याला शॉकअप म्हणतात तो धक्काशोषक वजन पेलीत नाही. त्याच्या नळकांड्यातील तेल बारीक छिद्रांतून ये-जा करते व त्यायोगे पाट्यांचे हेलकावे लवकर थांबतात. हवेच्या धक्काशोषकात या तेलाच्या नळकांड्यावर एक जाड रबरी बाही चढविलेली असते. तिच्यात हवा भरली म्हणजे ती फुगते आणि गाडीची पाठ थोडी वर ढकलते. म्हणजे हवा आधार देते आणि तेल हेलकावा मोडते. तेल गळून निकामी झालेल्या धक्काशोषकात कितीही हवा भरली, तरी गाडी चेंडूसारखी उडतच राहील.

हवेचा एक गुण येथे ध्यानात घेतला पाहिजे. बंदिस्त हवेची जागा निम्मी केली की तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये मांडला. समजा, बाहीत मापकावर ३० पौंड हवा आहे. भोवतालच्या वातावरणाचे सुमारे १५ पौंड मिळविले, तर खरा दाब ४५ पौंड होतो. चाक दगडावर चढून बाहीतील जागा निम्मी झाली की खरा दाब ९० होईल आणि मापक ७५ दाखवील. हवा आरंभी मऊ असते व दबत जाईल तशी झपाट्याने कठीण होते, ती अशी. त्यामुळे मोठ्या खड्ड्यात आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आदळण्याचे प्रमाण घटते. मात्र पाट्यांचे एकमेकांवरील घर्षण पूर्वीप्रमाणेच राहते. सर्वस्वी हवेवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांचा मऊपणा यातून मिळेल, अशी अपेक्षा कोणी करू नये.

बसविण्याचे काम सपाट जागी करावे. पुढच्या चाकांना दोन्ही अंगांनी दगड लावावेत, गाडीचा सांगाडा भक्कम घोड्यांवर टेकवावा आणि आसाखाली जॅकचा हलका आधार ठेवावा. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतते. नवी जोडी जुन्याच जागी बसते, परंतु फुगलेल्या बाहीला अधिक जागा लागते. ती टायर, पाटा किंवा ब्रेकची रबरी नळी यांस घासत नाही ना, हे आस पूर्ण खाली लोंबत असता व पूर्ण वर दाबला असता, अशा दोन्ही स्थितींत पाहावे. रबरी बुशांचे नट प्रथम सैल ठेवून गाडी चाकांवर उतरल्यानंतर घट्ट करावेत. अधांतरी आवळल्यास बुश पिळलेले राहून लवकर फाटतात. हवेची नळी धारदार पात्याने सरळ कापावी, तिला तीव्र बाक देऊ नये व सायलेन्सरपासून निदान वीतभर दूर बांधावी. डाव्या व उजव्या बाजूस स्वतंत्र नळ्या असणे चांगले. एकच नळी असल्यास वळणावर एका बाहीतील हवा दुसरीत सरकते आणि गाडी अधिक कलते. शेवटी सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात काय ते पाहावे.

आता हवा जुळविण्याचा भाग. गाडी रिकामी असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंस मोजून वहीत लिहावी. रिकाम्या गाडीतही बाही चिमटून फाटू नये म्हणून थोडी हवा ठेवावीच लागते. ती सामान्यतः २० पौंडांच्या आसपास असते, परंतु जोडीबरोबर आलेल्या पत्रकातील किमान व कमाल आकडे प्रमाण मानावेत. नेहमीचे ओझे भरून उंची पुन्हा मोजावी. नंतर पाच-पाच पौंडांनी हवा वाढवीत नेऊन पाणंदीतून सावकाश फेरी मारावी. बाहीतील जागा फार लहान असल्याने टायरवाल्याचा मोठा पंप ती क्षणात मर्यादेबाहेर फुगवितो. यासाठी मापक लावलेला सायकलचा पंपच बरा. मापक लावताना दर वेळी थोडी हवा निसटते, हेही हिशेबात धरावे.

किती हवा भरावी, याचे माप पाठ किती उचलली हे नव्हे. आस ठोकळ्यावर आदळण्याचे थांबले की हवा पुरे झाली. त्याहून अधिक भरल्यास चाक जमीन सोडून उसळू लागते आणि मागच्या बाजूच्या वरच्या थरांतील क्रेटांना सर्वांत जास्त हादरे बसतात. जेथे फळ क्रेटमध्ये उडून पुन्हा आपटते, तेथे त्याला डाग पडतो.

पाठ फार उचलू नये, याला याहूनही गंभीर कारण आहे. अनेक छोट्या मालमोटारींत मागच्या ब्रेकला किती जोर द्यावयाचा हे ठरविणारी एक झडप सांगाड्यावर बसविलेली असते व तिची दांडी आसाला जोडलेली असते. गाडी ओझ्याने खाली बसली की दांडी हलते, झडप अधिक उघडते आणि मागच्या ब्रेकला अधिक जोर मिळतो. गाडी रिकामी असता तोच जोर कमी होतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन गाडी घसरत नाही. म्हणजे ही झडप ओझे तोलीत नाही, ती केवळ उंची पाहते. तेराशे किलो माल भरून हवेने पाठ रिकाम्या गाडीइतकी वर उचलली, तर गाडी रिकामी आहे असे समजून झडप मागचा ब्रेक ढिला ठेवील. सपाटीवर चालकाला हे कदाचित जाणवणारही नाही. घाटाच्या उतारावर मात्र सारा भार पुढच्या ब्रेकवर पडून ते तापतील व ऐन वळणावर दगा देतील. म्हणून अशी झडप असलेल्या गाडीची पाठ ओझ्याने जितकी बसावयास हवी, जवळजवळ तितकी बसू द्यावी आणि झडपेच्या दांडीत गावठी फेरफार करू नये. जोडी घेण्यापूर्वीच गाडीच्या अधिकृत कार्यशाळेत याविषयी विचारावे. ज्या गाड्यांत हे काम चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून विद्युत्-यंत्रणा करते, त्यांत ही अडचण येत नाही.

हवेमुळे गाडीची वहनशक्ती वाढते, असाही एक समज आढळतो. तो सर्वथा चुकीचा आहे. आस, चाके, टायर व ब्रेक तेच राहतात. शिवाय धक्काशोषकाचे मूळ कान हेलकाव्याचा जोर सोसण्यापुरतेच केलेले असतात. त्यांवर ओझे टाकल्यास जोडाशी तडे जातात. नोंदणी-पुस्तकात लिहिलेले वजन हीच मर्यादा होय. ती ओलांडल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९४ अन्वये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, २०,००० रुपये व अधिकच्या प्रत्येक टनामागे आणखी २,००० रुपये दंड आहे. याच अधिनियमाच्या कलम ५२ ने गाडीतील फेरबदलांवर निर्बंध घातलेले असल्याने प्रादेशिक परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे हिताचे.

माल उतरविल्यावर हवा पुन्हा किमान आकड्यावर आणावी, नाहीतर परतीच्या वाटेवर रिकामी पाठ उड्या मारील. पावसाळ्यात बाहीच्या घडीत चिखल व खडे अडकून रबर कुरतडले जाते, म्हणून पाणंदीतून आल्यावर ती जागा पाण्याने धुवावी आणि कानांच्या जोडांवर तडा दिसतो काय ते महिन्यातून एकदा पाहावे. वाटेत एका बाजूची हवा गेल्यास गाडी त्या अंगाला कलते. अशा वेळी दुसऱ्या बाजूचीही हवा सोडून दोन्ही अंगे सारखी करावीत, शक्य तर थोडे ओझे उतरवून ठेवावे आणि खालच्या गिअरमध्ये सावकाश जवळची कार्यशाळा गाठावी.