प्रकल्पाचे न ठरवलेले परिणाम: बांगलादेशातल्या कूपनलिकांकडून काय शिकायचं?

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना 'परिणाम' हा शब्द आपण फार सहज वापरतो. अमुक संस्थेच्या पाणी योजनेचा महिलांच्या आरोग्यावर परिणाम, तमुक बचत गटाचा कुटुंबाच्या उत्पन्नावर परिणाम. शीर्षकातच ठरून जातं की कोणता परिणाम मोजायचा. तो साधारणपणे प्रकल्प राबवणाऱ्यांनी स्वतःच ठरवलेला असतो. मग जे कुणीच ठरवलं नव्हतं आणि तरी घडलं, ते आपल्या अभ्यासात कुठे दिसणार?

हा प्रश्न नीट समजून घ्यायचा तर माझ्या मते बांगलादेशातल्या कूपनलिकांचं उदाहरण सगळ्यात चांगलं. यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता, पैसे कुणी खाल्ले म्हणून हे झालं असंही नाही. आणि ही चूक एकदा होऊन थांबली नाही. ती सुधारायला गेल्यावर पुढची गुंतागुंत तयार झाली.

आधी एक संकल्पना

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३६ मध्ये हेतुपूर्वक केलेल्या कृतींच्या अनपेक्षित परिणामांवर एक निबंध लिहिला. आजही या विषयाची सुरुवात तिथूनच होते. असे परिणाम का होतात याची पाच कारणं ते सांगतात: पुरेशी माहिती नसणं, अंदाजात किंवा सवयीमुळे होणारी चूक, तातडीच्या फायद्यापुढे बाकीच्या गोष्टींकडे दुर्लक्ष, मूल्यांमुळे एखादी गोष्ट करणं भागच वाटणं, आणि भाकीत जाहीर झाल्यामुळेच लोकांचं वागणं बदलून ते खोटं ठरणं.

इथे एक फरक लक्षात ठेवा. मराठीत आपण सरसकट 'अनपेक्षित परिणाम' म्हणतो. पण 'हेतू नव्हता' आणि 'कल्पना नव्हती' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धरणामुळे गावं उठणार हा कुणाचा हेतू नसतो, पण ते सगळ्यांना आधीच माहीत असतं. प्रबंधात हे दोन अर्थ मिसळले की विश्लेषण घसरतं, कारण पहिल्यात प्रश्न जबाबदारीचा असतो आणि दुसऱ्यात ज्ञानाचा.

पहिला टप्पा: कूपनलिका आल्या

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांच्या त्रिभुज प्रदेशात पाण्याची कमतरता कधीच नव्हती. अडचण होती ती पाणी कसलं आहे याची. लोक तळ्याचं, नदीचं पाणी पीत आणि कॉलरा, हगवण, अतिसाराने लहान मुलं मरत. १९७० च्या दशकात युनिसेफने तिथल्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाबरोबर कूपनलिका बसवायला सुरुवात केली. युक्तिवाद सरळ होता: जमिनीखालचं पाणी मातीतून गाळून येतं, त्यात जंतू कमी, म्हणजे ते सुरक्षित.

आपल्याकडे दख्खनच्या पठारावर बोअर मारायची तर बेसाल्ट फोडावा लागतो. तिथे मऊ गाळ आहे. चार-पाच माणसं लोखंडी पाईप हाताने खाली उतरवत साधारण एका दिवसात उथळ कूपनलिका तयार करतात. त्यामुळे सरकारी कार्यक्रमापेक्षा खासगी कूपनलिकाच जास्त झाल्या. घराच्या अंगणात स्वतःचा पंप हे सोयीचं आणि प्रतिष्ठेचंही झालं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस देशात अशा लाखो कूपनलिका होत्या.

त्याच काळात बालमृत्यूही खूप कमी झाले. पण इथे थांबा. याच वर्षांत लसीकरण वाढलं, आणि ब्रॅक या संस्थेने घरोघरी जाऊन आयांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. तेव्हा 'कूपनलिकांमुळे बालमृत्यू घटले' हे वाक्य जसंच्या तसं लिहिता येत नाही. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या, एवढंच त्यातून कळतं.

दुसरा टप्पा: जे मोजलं नाही ते

पाण्याच्या तेव्हाच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक नव्हतं. हिमालयातून वाहून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर असतो आणि त्याला आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळात सेंद्रिय पदार्थ गाडले गेले की जिवाणू ते कुजवतात, तिथला ऑक्सिजन संपतो, लोहाचा थर विरघळतो आणि आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. म्हणजे प्रदूषण कारखान्याचं नाही, भूगर्भातलंच आहे. ते माणसाच्या पोटापर्यंत पोचवलं कूपनलिकेने.

आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही. शिवाय परिणाम दिसायला वर्षं लागतात: आधी त्वचेवर डाग, तळहात-तळपायांवर कडक गाठी, पुढे त्वचा, फुप्फुस, मूत्राशयाचे कर्करोग आणि हृदयविकार. १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालमधल्या रुग्णांत हे ओळखलं. बांगलादेशात सरकारी यंत्रणेने पाण्यातल्या आर्सेनिकची खात्री केली ती १९९३ मध्ये, नवाबगंज जिल्ह्यात. मधली दहा वर्षं कूपनलिका बसतच होत्या.

१९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने बांगलादेशच्या काही भागातलं भूजल तपासलं होतं. त्यात बरेच घटक मोजले, आर्सेनिक मोजलं नाही. पुढे या मुद्द्यावर ब्रिटनमध्ये खटला झाला आणि २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने निकाल संस्थेच्या बाजूने दिला. कायद्याने उत्तर मिळालं, पण आपल्यासाठी प्रश्न शिल्लक राहतो. तक्त्यात नसलेला रकाना वाचणाऱ्याला 'धोका नाही' असा दिसतो. 'तपासलं नाही' आणि 'सापडलं नाही' यांतला फरक अहवालात स्पष्ट लिहिलेला नसेल, तर वाचणारा तो करत नाही.

१९९८-९९ च्या मोठ्या सर्वेक्षणात ३,५०० हून अधिक नमुने घेतले गेले. उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्क्यांत आर्सेनिक बांगलादेशच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं. जागतिक आरोग्य संघटनेची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा धरली तर प्रमाण ४६ टक्के. दीडशे मीटरपेक्षा खोल विहिरींत मात्र ही अडचण जवळजवळ नव्हती. २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकातल्या एका लेखाने धोक्यातल्या लोकांचा अंदाज साडेतीन कोटी ते सात कोटी सत्तर लाख असा दिला आणि याला इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा म्हटलं.

तिसरा टप्पा: लाल आणि हिरवा रंग

आता उपाय. जागतिक बँकेच्या मदतीने सुमारे ५० लाख कूपनलिका तपासल्या गेल्या. आर्सेनिक जास्त असेल तर पंपाच्या तोंडाला लाल रंग, कमी असेल तर हिरवा. सुमारे १४ लाख पंप लाल झाले. वाचता न येणाऱ्यालाही कळेल अशी ही पद्धत होती आणि तिचा उपयोगही झाला. आरैहाजार उपजिल्ह्यातल्या अभ्यासात दिसलं की आपली कूपनलिका असुरक्षित आहे हे कळल्यावर वर्षभरात दुसरीकडून पाणी आणण्याची शक्यता ३७ टक्के-बिंदूंनी वाढली.

पण लोक 'दुसरीकडे' म्हणजे नेमके कुठे गेले?

काही जण शेजारच्या हिरव्या पंपावर गेले. जिथे जवळ हिरवा पंप नव्हता तिथले काही जण परत तळ्याकडे किंवा उघड्या विहिरीकडे वळले. काहींनी लांबून पाणी आणून घरात जास्त वेळ साठवायला सुरुवात केली, आणि साठवलेल्या पाण्यात हात, भांडी जातात तसे जंतूही जातात. एरिका फील्ड, रेचल ग्लेनरस्टर आणि रेश्मान हुसाम या अर्थशास्त्रज्ञांनी बारिसाल भागात याचा अभ्यास केला. २००० नंतर आर्सेनिक असलेल्या जमिनीवरच्या कुटुंबांत अर्भक आणि बालमृत्यूचं प्रमाण बाकीच्या कुटुंबांपेक्षा २७ टक्क्यांनी जास्त निघालं. विषापासून वाचवण्याच्या मोहिमेने काही मुलांना पुन्हा अतिसाराच्या तोंडी दिलं, असा याचा अर्थ.

त्यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. आर्सेनिक जमिनीखाली फार विखुरलेलं असतं. एका घराचा पंप लाल तर वीस-तीस मीटरवरचा हिरवा असू शकतो. बोअर घेताना कुणालाच हे माहीत नव्हतं. म्हणजे कुणाच्या वाट्याला लाल रंग येणार हे साधारण सोडतीसारखं ठरलं, श्रीमंती किंवा शिक्षणावरून नाही. त्यात त्यांनी दाखवलं की आर्सेनिकची माहिती लोकांना होण्याआधी दोन्ही प्रकारच्या घरांत बालमृत्यू सारखेच होते आणि फरक नंतर पडला. याला आपण डिफरन्स-इन-डिफरन्सचा तर्क म्हणतो. 'आधी' ची बाजू तपासली नसती, तर २७ टक्क्यांचा आकडा असूनही त्यातून कारण सांगता आलं नसतं.

मग मोहीम चुकली का?

इथे बरेच विद्यार्थी घाई करतात. आरैहाजारमध्येच सुमारे १२ हजार लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्या गटातल्या एकूण मृत्यूंपैकी साधारण २१ टक्के मृत्यूंचा संबंध १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकच्या पाण्याशी जोडता येत होता. म्हणजे लाल रंग लावला नसता तर चाललं असतं, असं अजिबात नाही.

दोन्ही अभ्यास खरे असू शकतात, कारण घड्याळं वेगळी आहेत. अतिसार दिवसांत जीव घेतो, आर्सेनिक दशकांत. पाच वर्षांखालच्या मुलांकडे बघून तीन वर्षांत मूल्यमापन केलं तर मोहीम घातक दिसेल. प्रौढांकडे बघून दहा-वीस वर्षं थांबलात तर तीच मोहीम जीव वाचवणारी दिसेल. आपण किती काळ बघतो आणि कुणाकडे बघतो, यावर निष्कर्ष ठरतो.

त्यात आणखी एक गाठ आहे. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की कमी आर्सेनिक असलेल्या उथळ कूपनलिकांत मैल्याचे जिवाणू तुलनेने जास्त सापडतात. पाणी वरून लवकर झिरपतं तिथे आर्सेनिक वाहून जातं, पण त्याच वाटेने जंतू येतात. म्हणजे हिरवा रंग एकाच प्रश्नाचं उत्तर देत होता आणि लोक मात्र त्याचा अर्थ 'पाणी चांगलं' असा घेत होते.

खोल विहिरी हा चांगला उपाय, पण त्या महाग आणि सामायिक. ह्यूमन राइट्स वॉचच्या २०१६ च्या अहवालाने दाखवलं की नव्या सरकारी विहिरींच्या निम्म्या जागा ठरवण्यात खासदारांचा शब्द चाले. तंत्र बरोबर असूनही फायदा गरजेच्या ठिकाणी पोचला नाही, आणि हे कारण भूगर्भाचं नव्हतं.

आपल्या प्रस्तावात हे कसं आणायचं?

विषय पाण्याचाच असायला हवा असं नाही. शौचालय, चूल, बचत गट, काहीही असो, हे प्रश्न विचारून बघा:

१. लोक आधी काय वापरत होते आणि ते सोडून आता नक्की कुठे जातात? 'वापर थांबवला' इथे प्रश्नावली संपवू नका.

२. प्रकल्पाच्या कागदात नसलेलं, पण त्याच घरावर परिणाम करू शकेल असं निदान एक मोजमाप तुमच्याकडे आहे का?

३. परिणाम दिसायला किती काळ लागतो आणि तुमचं फील्डवर्क किती महिन्यांचं आहे? दोन्हींत तफावत असेल तर ती मर्यादा म्हणून स्पष्ट लिहा.

४. फायदा आणि तोटा एकाच माणसाच्या वाट्याला येतो का? इथे तोटा लहान मुलांचा आणि फायदा प्रौढांचा होता. सरासरी काढली की हे दिसत नाही.

५. तुम्ही काय तपासलं नाही, त्याची यादी अहवालात आहे का?

आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे दात आणि हाडं खराब होण्याचा प्रश्न आहे. टंचाईवर उपाय म्हणून बोअर, त्यातून फ्लोराइड, मग ते बोअर बंद. यापैकी कुणाला विषय हवा असेल तर इथे खूप काम आहे. फक्त पंपाशी थांबू नका. बोअर बंद झाल्यावर त्या घरातला हंडा कुठे भरला जातो, तो किती वेळ उघडा राहतो आणि भरायला कोण जातं, हे बघायला निदान दोन वेगळ्या ऋतूंत त्या गावात जा.