भिलाईचा दुसरा इतिहास

भिलाई म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो सोव्हिएत साहाय्याने उभारलेला पोलाद कारखाना. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. अशा सोहळ्यांची छायाचित्रे शासन आवर्जून जपते. परंतु या नगरीला दुसराही इतिहास आहे.

दल्ली-राजहराच्या खाणमजुरांना संघटित करणारे छत्तीसगड मुक्ती मोर्चाचे नेते शंकर गुहा नियोगी पुढे भिलाईच्या कंत्राटी कामगारांच्या लढ्यात उतरले. २८ सप्टेंबर १९९१ रोजी झोपेतच त्यांची हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकात रुळांवर बसलेल्या आंदोलकांवर पोलिसांनी गोळीबार केला. अनेक कामगार मृत्युमुखी पडले. सरकारी कागदावर हा केवळ आकडा उरतो. छायाचित्रात माणसे उरतात.

असा साक्षीदार कोणालाच मानवत नाही. भिलाईचे माहितीपटकार अजय टी. जी. यांना मे २००८ मध्ये जनसुरक्षा कायद्याखाली अटक झाली. माओवाद्यांनी हिसकावलेला कॅमेरा परत मागणारे पत्रच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरवले गेले, असे त्यांच्या समर्थकांचे म्हणणे होते. मुदतीत आरोपपत्र दाखल न झाल्याने ऑगस्टमध्ये ते जामिनावर सुटले.

चळवळीचे चित्रण जपणे म्हणजे चळवळीचे समर्थन नव्हे. उद्घाटनाच्या चित्राला अभिलेखागारात जे स्थान मिळते, तेच रुळांवरील त्या चेहऱ्यांनाही मिळायला हवे. अन्यथा भिलाईचा इतिहास अर्धाच राहील.