"मी नाव घेत नाही, पण..." : एका निवेदकाच्या प्रकरणातून शिकण्यासारखं



वर्गात कुणाचं तरी पेन हरवतं. आपण फळ्याजवळ उभं राहून म्हणतो, "कोणी घेतलंय ते मला माहीत आहे. मी नाव घेणार नाही." आपल्याला वाटतं, आपण त्या मुलाची लाज राखली. पण लगेच सगळ्या माना शेवटच्या बाकाकडे वळतात, कारण नेहमी ओरडा खाणारा मुलगा तिथे बसतो. पेन घेणारा मात्र पहिल्या बाकावरही असू शकतो!

अगदी हेच २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये घडलं. समाजमाध्यमांबद्दल मोठ्या मुलांशी बोलताना हे उदाहरण चांगलं उपयोगी पडतं.

काय घडलं?

७ जुलै २०२३ रोजी 'द सन' या वृत्तपत्राने बातमी दिली : बीबीसीच्या एका नामवंत निवेदकाने एका तरुण व्यक्तीला अश्लील छायाचित्रांसाठी पैसे दिले, असा त्या व्यक्तीच्या आईचा आरोप आहे. निवेदकाचं नाव मात्र छापलं नव्हतं. दोन दिवसांनी बीबीसीने एका पुरुष कर्मचाऱ्याला निलंबित केल्याचं सांगितलं. नाव तेव्हाही नाही.

झालं! लोक तर्क लढवू लागले. गॅरी लिनेकर, रायलन क्लार्क, जेरेमी व्हाइन, निकी कॅम्पबेल अशा ओळखीच्या निवेदकांना "तो मी नव्हे" असं जाहीरपणे सांगावं लागलं. कॅम्पबेल यांनी तर पोलिसांशी संपर्क साधला. ज्यांचा काही संबंध नव्हता, त्यांच्यावर खुलासा करण्याची वेळ आली. सुक्याबरोबर ओलंही जळतं, ते असं.

१२ जुलैला पोलिसांनी सांगितलं की, फौजदारी गुन्हा घडल्याचं दाखवणारी माहिती आढळली नाही. त्याच संध्याकाळी ह्यू एडवर्ड्स यांच्या पत्नीने त्यांचं नाव जाहीर केलं आणि ते रुग्णालयात असल्याचंही सांगितलं. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या निधनाची बातमी बीबीसीवर देणारे निवेदक ते हेच.

नाव का छापलं नाही?

मुलं हा प्रश्न हमखास विचारतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला होता की, आरोप निश्चित होण्याआधी, नुसती चौकशी चालू असताना, माणसाला सर्वसाधारणपणे खाजगीपणाची अपेक्षा ठेवता येते. शिवाय बदनामीचा कायदा आहेच. पण नाव झाकलं आणि वर्णन उघडं ठेवलं, की त्या वर्णनात बसणारा प्रत्येक जण संशयित होतो. हीच यातली गोम.

"पण शेवटी तो दोषीच निघाला ना?"

हा प्रश्न येणारच, आणि तो टाळू नका. ३१ जुलै २०२४ रोजी एडवर्ड्स यांनी मुलांच्या अश्लील प्रतिमांशी संबंधित तीन आरोपांत गुन्हा कबूल केला. सप्टेंबरमध्ये त्यांना सहा महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. गुन्हा गंभीरच आहे, त्याला सारवासारव नको.

पण तो वेगळ्या तपासातून उघड झाला. जुलै २०२३ मध्ये तर्क लढवणाऱ्यांना त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. गणितात रीत चुकली आणि उत्तर जुळलं, तर आपण पूर्ण गुण देतो का? नाही ना? मग इथे कसे देणार? आणि ज्या निरपराध माणसांवर बोट ठेवलं गेलं, त्यांच्या बाबतीत तर उत्तरही चूकच होतं.

"मी तर नुसतं विचारलं!"

नोव्हेंबर २०१२ मध्ये बीबीसीच्याच 'न्यूजनाइट' कार्यक्रमात एका राजकारण्यावर बाल-अत्याचाराचा आरोप झाला, नाव न घेता. लोकांनी लॉर्ड मॅकअल्पाइन यांचं नाव पसरवलं. ते साफ चुकीचं होतं. आरोप करणाऱ्यानेच, माणूस ओळखण्यात चूक झाली असं सांगून माफी मागितली. बीबीसीला १,८५,००० पौंड नुकसानभरपाई द्यावी लागली.

संसदेच्या सभापतींच्या पत्नी सॅली बर्को यांनी, या गृहस्थांचं नाव एवढं चर्चेत का आहे, अशा अर्थाचा एक साळसूद प्रश्न ट्विटरवर टाकला होता. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदनामीकारक ठरवला. प्रश्नचिन्ह लावलं म्हणून आरोप प्रश्न होत नाही!

वर्गात आणि घरी काय करावं?

१. "समजलं का, कोण असेल?" असा संदेश आला, तर मुलांना तीन गोष्टी विचारायला शिकवा : हे कोणाला माहीत आहे? त्याला कसं कळलं? चुकलं तर सोसणार कोण?

२. "आग असल्याशिवाय धूर निघत नाही" ही म्हण चर्चेला घ्या. धूर कोणत्या घरातून निघतोय, हे म्हण सांगत नाही.

३. खरी तक्रार असेल तर ती दाबायची नाही, हेही त्याच तासाला सांगा. ती शिक्षकांना, पालकांना किंवा १०९८ या चाइल्डलाइनला सांगायची. मित्रांच्या ग्रुपवर टाकायची नाही.

आणि चौथी गोष्ट आपल्यासाठी. पुढच्या वेळी पेन हरवलं, तर "मी नाव घेत नाही" हे वाक्य गिळून टाकूया. माहीत असेल तर त्या मुलाला बाजूला घेऊन बोलूया. माहीत नसेल तर "मला माहीत नाही" असं सरळ सांगूया. शेवटच्या बाकावरच्या त्या मुलाचं आपण तेवढं तरी देणं लागतो.