बेलोऱ्याचे विमानतळ आणि यवतमाळचा प्रवासी

यवतमाळच्या घरात मुंबईस जावयाचे ठरले म्हणजे पहिला खल मुंबईविषयी होत नाही; गाडी कोठे धरावयाची याविषयी होतो. कोणी धामणगाव म्हणतो, कोणी बडनेरा, आणि कोणी रात्रभर बसमध्ये अंग आखडून बसण्याची तयारी दाखवितो. विमानाने जाणाऱ्यास आजवर नागपूरवाचून दुसरी वाट नव्हती. ती आता झाली आहे. १६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळ बेलोरा येथील विमानतळ प्रवाशांस खुले झाले आणि अलायन्स एअर कंपनीचे विमान मुंबईहून तेथे उतरू लागले. नाव अमरावतीचे असले तरी हे विमानतळ शहराच्या दक्षिणेस सुमारे १५ किलोमीटरांवर, यवतमाळकडे येणाऱ्या वाटेच्या बाजूस आहे. म्हणजे नेर, नांदगाव खंडेश्वर करीत निघालेल्या यवतमाळकराला अमरावती शहरात शिरण्याचेही कारण पडत नाही.

जे नागपूरचे किंवा मुंबईचे विमानतळ पाहून आले आहेत त्यांनी येथे तसला थाट शोधू नये. धावपट्टी १८५० मीटर लांबीची. नागपूरची ३२०० मीटर आहे. सरकते जिने नाहीत, दुकानांच्या रांगा नाहीत, विमानाच्या दारापर्यंत नेणारा बंदिस्त पूलही नाही. आपल्याच पायांनी उघड्या फरशीवरून विमानाकडे जावयाचे. वैशाखातल्या दुपारी ही चार पावलेही तापदायक होतात, म्हणून वृद्धांच्या डोक्यास रुमाल असावा. खाण्याचे मात्र घरूनच बांधून घ्यावे; दशम्यांस कोणी हरकत घेत नाही.

विमानही लहान असते. ए. टी. आर. ७२ या जातीच्या या विमानात सत्तरच्या आसपास माणसे बसतात आणि दोन्ही पंखांवर फिरते पंखे दिसतात. ते पाहून 'हे जुने दिसते' असे म्हणण्याची घाई करू नये. हे पंखे आत असलेल्या टर्बाइन यंत्राने फिरतात आणि आखूड धावपट्टीवरून उठण्यासच ही रचना सोयीची असते. पंख छताच्या बाजूस असल्यामुळे खिडकीतून खालची भूमी चांगली दिसते. चढावयाचे दार मागील बाजूस असते आणि त्याच्याच पायऱ्या खाली उघडतात. त्या थोड्याच असल्याने गुडघेदुखीच्या माणसास जड जात नाही. आवाज पंख्यांच्या ओळीत सर्वांत अधिक. आजीबाईंसाठी जागा निवडताना मागची ओळ मागावी. मुंबईस पोचण्यास सुमारे पावणेदोन तास लागतात.

सामानाविषयी आमच्या घरांत जो घोळ होतो तो येथे अधिक अंगाशी येतो, कारण लहान विमानात वजनाला खरोखरच किंमत असते. उन्हाने तापलेली हवा विरळ होते. विरळ हवा पंखांस कमी उचलते. म्हणून कडक उन्हाळ्यात आखूड धावपट्टीवरून उठताना कधी कधी भार कमी ठेवावा लागतो. १५ किलोची मर्यादा ही कारकुनी हट्टाची गोष्ट नव्हे. डोक्यावरील फडताळेही अरुंद असतात, तेव्हा हातात एकच लहान पिशवी बरी. लेकीच्या घरी जाणारी लोणच्याची बरणी आणि तुपाचा डबा हातात नेऊ देत नाहीत. ते नीट बांधून मोठ्या सामानात घालावे. अडकित्ता, कात्री, सुरी आणि मसाल्याच्या पुड्या यांचीही तीच व्यवस्था. सुके खोबरे मात्र कोणत्याच सामानात चालत नाही. त्यातील तेलामुळे ते बंद जागी आपोआप तापून पेटू शकते, म्हणून जगभर त्यास विमानात मनाई आहे. ओटीतला नारळ अशा वेळी घरीच देवापुढे ठेवावा हे उत्तम. तान्ह्या मुलाच्या कानास विमान उतरताना ठणका लागतो; कानात कापूस घालून उपयोग होत नाही, मुलास त्या वेळी पाजावे. मोठ्यांनी खडीसाखर चघळावी.

ज्यांस चालवत नाही त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची मिळते, पण ती तिकीट काढतानाच मागून ठेवावी लागते. सरकारी ओळखपत्र मूळ असावे. सुटण्याच्या दोन तास आधी पोचले म्हणजे पुरे. साधारणतः तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते. यवतमाळहून विमानतळ ८० किलोमीटरांच्या आसपास आहे, परंतु पावसाळ्यात वाटेस किती वेळ लागेल हे ज्याचे त्याने जाणावे.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ती गोष्ट. अशा विमानतळांचे आयुष्य कशावर अवलंबून असते? ग्रीस देशाच्या समुद्रात कार्पाथोस, कासोस, कास्तेलोरिझो अशी चिमुकली बेटे आहेत. कास्तेलोरिझोची धावपट्टी तर एक किलोमीटरही भरत नाही. कासोस ते कार्पाथोस हे उड्डाण जगातील अगदी लहान उड्डाणांपैकी एक असून काही मिनिटांतच संपते. अशा मार्गांवर नफा होणार नाही हे ठाऊक असूनही तेथील सरकार पदरचे पैसे घालते, कारण हिवाळ्यात समुद्र खवळला की रोग्याला आणि विद्यार्थ्याला दुसरी वाट उरत नाही. आपल्याकडील 'उडान' योजनाही याच जातीची आहे. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमल्याहून दिल्लीस गेले. यात काही जागांचे भाडे मर्यादित ठेवून कंपनीची तूट सरकार भरून देते. पण ती साधारण तीन वर्षेच! पुढे विमान भरले तर चालावयाचे, नाही तर बंद. या योजनेतील कितीतरी मार्ग असेच बंद झाले आहेत. आम्हां यवतमाळकरांस हे सांगावयास नको. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ११३ किलोमीटरांची आमची 'शकुंतला' आज रुळांवर नाही; आणि यवतमाळजवळ भारी येथे स्वतःची धावपट्टी असून तीवर नियमित प्रवासी विमान उतरत नाही.

यावरून प्रवाशाने एक व्यवहार शिकावा. बेलोऱ्याचे विमान आरंभी आठवड्यातून तीनच दिवस होते, आणि दिवस व वेळ बदलत असतात. मोठ्या शहरी एक विमान चुकले तर तीन तासांनी दुसरे मिळते. येथे दोन दिवसांनी. धुके किंवा मुसळधार पाऊस असेल तर विमान न उतरता परतही जाते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख, मुलाचे परदेशचे विमान किंवा लग्नाचा मुहूर्त गाठावयाचा असेल तर मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा, आणि बडनेऱ्याहून सुटणाऱ्या आगगाडीची वेळ वहीत टिपून ठेवावी. बडनेरा बेलोऱ्याजवळच आहे, ही या विमानतळाची मोठी सोय आहे.

नागपूर यामुळे निरुपयोगी झाले असे मात्र नाही. वणीकडच्या मंडळींस तेच सोयीचे. पुसद-उमरखेडकरांनी आधी नांदेडची चौकशी करावी. दिल्ली, बंगळूर अशा दूरच्या प्रवासास सोनेगावच्या विमानतळाला तोड नाही. जानेवारी १९४९ पासून कित्येक वर्षे मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली टपालाची विमाने मध्यरात्री तेथेच एकत्र येत, थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल करीत आणि पहाटेस परतत. मध्यभागी असण्याचा तो लाभ नागपुरास अजून आहे. कळंब, देवळी, वर्धा या मार्गाने ते यवतमाळहून सुमारे १५० किलोमीटर पडते.

राहिले परतीचे. बेलोऱ्यास उतरल्यावर बाहेर भाड्याच्या मोटारी उभ्याच असतील असे गृहीत धरू नये. घरची मोटार बोलवावी किंवा यवतमाळहूनच ठरवून ठेवावी, आणि चालकास विमान सुटल्याचे मुंबईहून कळवावे, म्हणजे तो नेरहून वेळेवर निघेल. पोचवावयास येणाऱ्यांस आत जाता येत नाही. तेव्हा दहा माणसांनी दोन मोटारी भरून येण्याऐवजी घरीच निरोप घेतलेला बरा, असे आम्ही सुचवून पाहतो. ऐकतील की नाही, हा भाग निराळा.