पहिला धक्का कंडेन्सरचा

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभारला, तीच किर्लोस्करवाडी. जागा दिली संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगलीत. लोखंडी नांगर घडवणारी ही वाडी पुढे पंपांसाठी घरोघरी माहीत झाली.

कृष्णाकाठच्या मळ्यातले मोठे पंप थ्री फेजवर चालतात. घरची पाण्याची मोटर आणि घरघंटी सिंगल फेजवर. थ्री फेजमध्ये तीन प्रवाह ओळीने चढतात-उतरतात, म्हणून चुंबकीय क्षेत्र आपसूक गोल फिरते आणि रोटरला, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला, ओढून नेते. सिंगल फेजचे क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होते. हिशेबाला ती उलट दिशांना फिरणारी दोन सारखी क्षेत्रे. सारख्या ताकदीचे बैल गाडीला दोन्ही टोकांनी जुंपावेत, तशी गत. उभा रोटर नुसता गुणगुणतो. मात्र एकदा का तो कोणत्याही बाजूला फिरला, की त्या बाजूचे क्षेत्र वरचढ होते आणि मोटर धावते.

म्हणजे अडचण चालण्याची नाही, सुटण्याची आहे. त्यासाठी स्टार्टिंगचे वेगळे वाइंडिंग रनिंगच्या वाइंडिंगशी काटकोनात बसवतात आणि त्याच्या वाटेत कंडेन्सर घालतात. कंडेन्सरमुळे तिथला प्रवाह रनिंगच्या प्रवाहाआधी चढतो आणि क्षेत्राला दिशा मिळते. घरघंटीसारख्या जड सुरुवातीच्या मोटरीत वेग पाऊणपट झाला की सेंट्रिफ्यूगल स्विच हे वाइंडिंग तोडतो. मोटर बंद करताना येणारा ‘टक्’ आवाज त्याचाच. छताच्या पंख्यात आणि बऱ्याच छोट्या पंपांत स्विच नसतो, तिथे कंडेन्सर कायम जोडलेला असतो.

मोटर धावू लागली तरी रोटर क्षेत्राला गाठत नाही. चार पोलच्या मोटरीत क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते, रोटर साधारण १४४०. तो मागे राहतो म्हणूनच त्यात वीज उपजते.

मोटर गुणगुणते पण फिरत नाही, तेव्हा ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते आणि वाइंडिंग जळते. सेंट्रिफ्यूगल स्विच चिकटून राहिला तरी स्टार्टिंगचे वाइंडिंग जळते. म्हणून नुसता गुणगुणण्याचा आवाज आला की लगेच बटण बंद करा, पुन्हा पुन्हा दाबून पाहू नका. पंप अडकलेला नाही ना, व्होल्टेज पुरेसे आहे ना, हे वायरमनकडून बघून घ्या. मग कंडेन्सर तपासायला सांगा. वीज तोडल्यावरही त्यात चार्ज उरतो, तेव्हा स्वतः हात लावू नका. रिवाइंडिंगच्या खर्चापुढे कंडेन्सरची किंमत किरकोळ आहे.